आधी गोळी, मग देव, मग चहा

वाचकहो, सकाळी उठल्यावर आधी चहा की आधी देवपूजा, असे आपल्याला कोणी विचारले तर आपण काय उत्तर द्याल? मला हा प्रश्न नुकताच एका चिठ्ठीतून विचारला गेला आणि त्यावर वीस-पंचवीस माणसे उत्तराची वाट पाहत माझ्याकडे बघत होती.

आमच्या साताऱ्यातील गृहसंकुलात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरल्या जातात. आठवीतल्या मुलींपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सारे जमतात. दर वेळी एकाची पाळी. बाकीच्यांनी आपले प्रश्न निनावी चिठ्ठ्यांवर लिहून बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि पाळी असलेल्याने ते एकेक काढून खरी उत्तरे द्यायची, एवढाच नियम. श्रावणात माझी पाळी आली. मी शासकीय रुग्णालयात तेहतीस वर्षे परिचारिका होते आणि माझ्या घरी रोज देवापुढे दिवा लागतो, या दोन गोष्टी सर्वांना ठाऊक असल्यामुळे बहुतेक चिठ्ठ्या श्रद्धेच्या आणि तब्येतीच्या सीमेवरच्या निघाल्या. काहींची उत्तरे हसत-खेळत देऊन झाली. काहींना मात्र तेवढ्या गडबडीत न्याय देता आला नाही. ती उत्तरे मी आपल्यासाठी येथे लिहीत आहे, कारण हेच प्रश्न आपल्याही घरात कोणीतरी मनात धरून बसलेले असेल.

चहाचे उत्तर सोपे आहे. नोकरीत असताना सकाळी सातच्या पाळीसाठी मी पाचला उठत असे आणि चहाशिवाय माझे डोळे उघडत नसत. देवाला बिचाऱ्याला घाईघाईत एक फूल मिळे. निवृत्तीनंतर थायरॉईडचे निदान झाले. ती गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास चहा, कॉफी, खाणे काहीही नाही. नाहीतर औषध शरीरात नीट शोषले जात नाही. आता या अर्ध्या तासाचे करायचे काय? मी पूजा करू लागले. म्हणजे क्रम असा: आधी गोळी, मग देव, मग चहा. माझा देवधर्म जो वेळेवर आला तो थायरॉईडच्या कृपेने, असे मी सांगितले तेव्हा सर्वांत मोठ्याने हसले ते आमच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचीही तीच गोळी चालू आहे.

‘शुभंकरोतीमध्ये जोशी कोण आहेत?’ ही चिठ्ठी अर्थातच एका बालकाची. त्याला मी सांगितले की हे जोशी आमच्याही लहानपणी होते आणि त्यांना अद्याप कोणी पाहिलेले नाही.

‘मधुमेह आहे, मग सत्यनारायणाचा शिरा नाकारता का?’ मला मधुमेह नाही, परंतु सीमारेषेवर बोट ठेवून आहे. प्रसादाच्या शिऱ्यात रवा, तूप आणि साखर तिन्ही सव्वाच्या मापाने सारखीच असतात, हे ज्यांनी तो स्वतः ढवळला आहे त्यांना ठाऊक असते. मी चमचाभर घेते आणि दुसऱ्यांदा द्रोण पुढे आला की हात जोडते. आग्रह करणाऱ्या यजमानीणबाईंना माझी एकच विनंती असते: मधुमेही पाहुण्याला चमचाभर द्या आणि तो पुरेसा मानू द्या.

उपवासावर मात्र तब्बल चार चिठ्ठ्या होत्या, आणि येथे मी जरा रेंगाळणार आहे.

‘एकादशीला काय खाता?’ या प्रश्नाचे खरे उत्तर असे की आपण सगळेच परदेशी खातो. साबुदाणा ज्या कंदाच्या पिठापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि खिचडीतली हिरवी मिरचीही अमेरिका खंडातूनच आली. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोचण्यापूर्वी भारतात यांपैकी काहीही नव्हते. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली १२९६ मध्ये. त्यांच्या काळातील कोणाही वारकऱ्याने साबुदाण्याची खिचडी पाहिलेली नव्हती. हे मी उपवासाची थट्टा म्हणून सांगत नाही. पण ‘उपवासाला हेच चालते आणि ते चालत नाही’ असा वाद घरात सुरू झाला की ही माहिती फार उपयोगी पडते. शंभर ग्रॅम साबुदाण्यात सुमारे साडेतीनशे उष्मांक असतात आणि प्रथिने एक ग्रॅमसुद्धा नसतात. त्यावर तूप आणि दाण्याचे कूट पडले की पोटाला विश्रांती कसली मिळणार? मी स्वतः एकादशीला ताक, फळे, एखादे उकडलेले रताळे आणि संध्याकाळी थोडी भगर घेते. भगर घेताना मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. ओलसर जागी राहिलेल्या भगरीला आणि तिच्या पिठाला बुरशी लागते, आणि सणावारी अशा भगरीने उलट्या, चक्कर, हातापायांची थरथर होऊन माणसे रुग्णालयात आल्याचे दरवर्षी ऐकू येते. सुटे पीठ आणू नये, पाकिटावरची तारीख पाहावी, भगर निवडून व स्वच्छ धुऊन वापरावी, उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. अन्न व औषध प्रशासनही सणांच्या तोंडावर भगरीबाबत अशाच सूचना देत असते.

दुसरी चिठ्ठी गंभीर होती. अक्षर थरथरते होते: ‘इन्सुलिन चालू आहे. चातुर्मासाचा नेम मोडला तर पाप लागेल का?’

पापाचा हिशेब करण्याचा मला अधिकार नाही. परंतु रात्रपाळीत मी जे पाहिले ते सांगण्याचा आहे. आषाढी, महाशिवरात्र आणि नवरात्र यांच्या आसपास घामाने थबथबलेली, हात कापणारी, असंबद्ध बोलणारी माणसे आमच्याकडे येत. सोबतचे म्हणत, ‘सिस्टर, यांच्या अंगात आलंय हो.’ बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासले की साखर चाळीस-पंचेचाळीस निघे. सकाळी नेहमीचे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतलेली आणि पोटात मात्र काही नाही. रक्तातील साखर सत्तरच्या खाली गेली की शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि बरे वाटले की काहीतरी पोटभरीचे खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालयात न्यावे. आपल्या घरात असे कोणी असेल तर ही दोन वाक्ये कृपया लिहून स्वयंपाकघरात लावा.

आणि शास्त्राचेच म्हणाल तर तेही इतके निष्ठुर नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात, विदुरनीतीमध्ये, व्रत ज्यांनी मोडत नाही अशा आठ गोष्टी सांगितल्या आहेत. पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. औषध त्या यादीत आहे, हे मी रुग्णांना शेकडो वेळा सांगितले असेल. ज्या माणसाला डॉक्टरांचे पटत नसे त्याला विदुराचे पटे. आमच्या रुग्णालयातील मुस्लिम रुग्णांनाही रमजानात मी हेच विचारत असे, आणि त्यांच्यापैकी जाणते लोक मलाच समजावून सांगत की आजारी माणसाला आणि प्रवाशाला कुराणातच रोज्यातून सवलत दिलेली आहे. राहिलेले रोजे पुढे कधीतरी पुरे करता येतात. उपवास धरायचाच असेल तर आधी आपल्या डॉक्टरांकडे जाऊन त्या दिवसाचे औषध किती आणि केव्हा घ्यायचे हे ठरवून घ्या. थरथरत्या अक्षराच्या त्या व्यक्तीला, ती कोण आहे हे मला ओळखता आले असले तरी, मी एवढेच सांगितले की नेम बदलता येतो. एक वेळचे जेवण सोडण्याऐवजी एका गरजू माणसाला जेवू घाला, किंवा चार महिने चहातली साखर सोडा. शेवटचा पर्याय डॉक्टरांनाही आवडेल.

उपवास म्हटले की मला नेहमी साने गुरुजी आठवतात. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून त्यांनी अन्न सोडले होते, आणि त्या उपोषणानंतर ते दार उघडले. चार चिठ्ठ्यांपैकी एकीवर ‘उपवासाने काय साधते?’ असे होते, तिचे उत्तर मी याच नावाने दिले.

‘ऑपरेशनच्या आधी रुग्णाच्या हातातला गंडा काढताना तुम्हाला काय वाटायचे?’ हा प्रश्न विचारणारी मुलगी स्वतः परिचर्येचे शिक्षण घेत आहे. शस्त्रक्रियेपूर्वी अंगावर दोरा, धातू, काहीही ठेवता येत नाही. दोऱ्यात जंतू असतात, धातूमुळे विजेवर चालणाऱ्या उपकरणाने भाजण्याची शक्यता असते. कारण चोख आहे. पण त्या क्षणी त्या माणसाकडे दुसरे काय असते? कपडे बदललेले, कवळी काढलेली, चष्मा काढलेला, नातेवाईक दाराबाहेर. उरतो तो मनगटावरचा दोरा, गळ्यातली तुळशीची माळ, दंडावरचा तावीज किंवा छोटा क्रूस. मी कात्री कधी चालवली नाही. गाठ सोडवत असे, मग दोन मिनिटे लागोत की पाच. दोरा एका छोट्या पिशवीत घालून, तिच्यावर रुग्णाचे नाव लिहून ती त्याच्या माणसाच्या हाती देत असे आणि रुग्णाला दिसेल अशा रीतीने देत असे. शुद्धीवर आल्यावर अनेकांचा पहिला प्रश्न ‘माझा दोरा कुठाय?’ हाच असे, आणि तो ऐकला की आम्हाला कळे की माणूस पुरता जागा झाला.

‘प्रार्थनेने आजार बरा होतो का?’ असे एका तरुणाने विचारले होते. त्याच्या वडिलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली आहे. हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारून पाहिला आहे. अमेरिकेतील सहा रुग्णालयांत बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला आणि तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे नेतृत्व करणारे डॉ. हर्बर्ट बेन्सन हे हृदयरोगतज्ज्ञ प्रार्थना आणि ध्यान यांच्याविषयी आस्था बाळगणारे होते. काही रुग्णांसाठी अनोळखी लोकांनी चौदा दिवस प्रार्थना केली, काहींसाठी नाही. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ठाऊक नव्हते, त्या दोन्ही गटांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले: ५२ आणि ५१ टक्के. आणि ज्यांना खात्रीने सांगितले होते की तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे, त्यांच्यात ते ५९ टक्के निघाले. याचे एक संभाव्य कारण म्हणून असे सुचवले गेले की ‘माझ्यासाठी प्रार्थना करावी लागण्याइतका मी गंभीर आहे का?’ या काळजीनेच ती माणसे धास्तावली असावीत.

मला हे वाचून नवल वाटले नाही. खाटेभोवती पाच नातेवाईक रडत स्तोत्र म्हणू लागले की रुग्णाची नाडी वाढलेली मी स्वतः मोजली आहे. म्हणून त्या तरुणाला मी सांगितले की तू प्रार्थना जरूर कर, ती तुला धीर देईल, मात्र ती घरी देवापुढे कर. वडिलांच्या उशाशी बसशील तेव्हा त्यांना क्रिकेटचा धावफलक सांग, आणि रक्त पातळ होण्याची गोळी शस्त्रक्रियेच्या किती दिवस आधी थांबवायची हे डॉक्टरांना विचारून लिहून ठेव. मनाने थांबवू नकोस.

अजून दोन चिठ्ठ्या राहिल्या आहेत. त्या दोन्ही मी पार्किंगमध्ये वाचल्या, घडी घातल्या आणि ‘लिहून उत्तर देईन’ असे म्हटले.

पहिली: ‘काका गेले तेव्हा देवाचा राग आला का?’

माझे यजमान विज्ञानाचे शिक्षक होते आणि त्यांचा देवावर विश्वास नव्हता. माझा होता. या गोष्टीवरून आमचे चाळीस वर्षांत एकदाही भांडण झाले नाही. भांडणाला दुसरी कारणे पुरेशी होती. शेवटच्या वर्षी त्यांचे हृदय फार थकले. रात्री आडवे झाले की दम लागे, तीन उशा घेऊन बसूनच झोपावे लागे. मी शेजारी बसून माझे विष्णुसहस्रनाम हळू आवाजात म्हणत असे. एकदा मी थांबले तर ते म्हणाले, ‘अगं, थांबू नकोस. अर्थाशी मला घेणं नाही, पण माझा श्वास त्याच्यामागून चालतो.’ पुढे माझ्या वाचनात आले की २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतील संशोधकांनी तेवीस निरोगी माणसांवर केलेला एक अभ्यास छापून आला होता. जपमाळेची लॅटिन प्रार्थना किंवा बौद्धांचा एक मंत्र म्हणताना त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला आणि हृदयाच्या गतीवर त्याचा चांगला परिणाम दिसला. तो अभ्यास म्हणणाऱ्यांचा होता, ऐकणाऱ्यांचा नव्हे, आणि थकलेल्या हृदयाच्या रुग्णांचा तर नव्हेच. हे माझ्या यजमानांनीच मला प्रथम बजावले असते.

ते २०१९ च्या भाद्रपदात गेले. राग आला. सुतक संपल्यावर पूजा पुन्हा सुरू करायची असते. मी ती केली नाही. देवघराचे दार लावून ठेवले ते मार्गशीर्षापर्यंत. कोणी विचारले तर सरळ सांगत असे की सध्या बोलणे बंद आहे. मार्गशीर्षात एका दुपारी समईकडे लक्ष गेले. ती हिरवी पडली होती. पितळ असे पडू देणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून चिंच लावून घासली. घासल्यावर ती इतकी लख्ख निघाली की वात घालावीशी वाटली, आणि घातली. यापेक्षा मोठा साक्षात्कार मला झालेला नाही. ज्यांच्या घरी नुकतेच कोणी गेले आहे आणि ज्यांचे असे बोलणे बंद आहे, त्यांना मी एवढेच सांगेन की कोणी तारीख घालून दिली तर ती मानू नका. मात्र दोन-तीन महिन्यांनंतरही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर देवाशी बोलायचे राहू द्या आणि डॉक्टरांशी बोला.

दुसरी चिठ्ठी: ‘राग मानू नका, पण तुम्ही टिकली का लावता?’

मी राग मानला नाही. माझ्या सासूबाईंना १९७४ मध्ये वैधव्य आले तेव्हा त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या बांगड्या कशा फोडल्या गेल्या आणि कुंकू कोणी पुसले, हे त्यांनी मला एकदाच सांगितले, आणि पुसणाऱ्या बाईंचे नाव मात्र कधीही घेतले नाही. माझे यजमान गेले तेव्हा त्या श्याऐंशी वर्षांच्या होत्या. पोटचा मुलगा गेलेला. दहाव्याला जमलेल्या बायकांपैकी एक जण माझ्याकडे येऊ लागली तेव्हा त्या भिंतीला धरून उठल्या आणि म्हणाल्या, ‘तिच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही.’ दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पेटीतली टिकल्यांची एक जुनी पाकीट काढून मला दिली. ती त्यांनी का जपून ठेवली होती हे मी विचारले नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. ती बातमी मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली आणि विचारले, ‘अगं, सभा किती वेळ चालली?’ मी म्हटले, ‘आई, तेवढं नाही दिलेलं.’ ‘तास-दोन तास चालली असेल,’ त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

तर टिकली त्यांनी दिली म्हणून लावते. वैद्यकीय बाजूही सांगून टाकते, कारण हे आरोग्याचे पाक्षिक आहे. टिकलीच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल या रसायनाने काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. खाज सुटली, कातडी लाल झाली किंवा रंग फिकट होऊ लागला तर टिकली लगेच बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. मला अजून तसे काही झालेले नाही. रात्री झोपताना काढते, आरशाच्या कडेला चिकटवते, आणि दर दोन-चार दिवसांनी नवी घेते.

पुढच्या शनिवारी पोस्टमास्तरांची पाळी आहे. मी दोन चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवल्या आहेत. एकीवर ‘तुमच्या बायकोने केलेला कोणता पदार्थ तुम्हाला खरोखर आवडत नाही?’ असे आहे. दुसरीवर ‘एकादशीला सकाळची रक्तदाबाची गोळी घेता का?’ असे आहे, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती मी डाव्या हाताने लिहिली आहे.